येऊरसाठी रेनॉक्स: सगळे २५० घेतात, आधी १५० घ्या

हाताशी किटसोबत आलेली ५५-२५० लेन्स, अर्ध्या तासावर ठाण्याचे येऊरचे जंगल आणि मॅक्रो लेन्सला (किडे-फुलांसारख्या बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी लेन्स) घालायला पैसे नाहीत, असा मामला असला की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे एकच नाव घेतात: रेनॉक्स डीसीआर-२५०. नाव चुकीचे नाही. पण येऊरला पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत कॅमेऱ्यासमोर जे येते, त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींना २५० जवळची पडते. तिची धाकटी बहीण डीसीआर-१५० दुकानात कोपऱ्यात पडून असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. हे परीक्षण दोघींचे आहे, आणि कौल आधीच सांगून टाकतो: एकच घ्यायची असेल तर १५०. किड्यांचे डोळे, मुंग्यांचे जबडे यांचेच वेड असेल तरच २५०.

आधी वस्तू काय आहे ते. दोन्ही जपानी बनावटीच्या, लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या क्लोज-अप लेन्स. बाजारात मिळणाऱ्या अधिक १, अधिक २, अधिक ४, अधिक १० अशा चार काचांच्या स्वस्त संचाशी यांची गल्लत करू नका. त्या संचातली प्रत्येक काच एकेरी असते, म्हणून पांढऱ्या फुलाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर येते आणि कोपरे पिठूळ होतात. रेनॉक्समध्ये दोन गटांत मिळून तीन काचा आहेत आणि रंगांची ती गडबड बरीचशी आतच निस्तरलेली असते. २५० ची ताकद अधिक ८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरासारखे काचेच्या ताकदीचे माप), १५० ची अधिक ४.८. मागचा आटा दोघींचाही ४३ मिमीचा, पुढचा ४९ मिमीचा. सोबत येणारा चिमट्यासारखा अडॅप्टर ५२ ते ६७ मिमी फिल्टर आट्याच्या कुठल्याही लेन्सवर बसतो. म्हणजे कॅननची ५५-२५० एसटीएम (५८ मिमी), निकॉनची एएफ-पी ७०-३०० डीएक्स (५८ मिमी), कॅननची आरएफ १००-४०० (६७ मिमी) या बिनधास्त. सोनीची ५५-२१० मात्र ४९ मिमीची आहे, तिथे हा चिमटा धरत नाही. ४९ चे ४३ करणारी धातूची रिंग घ्यायची आणि काच सरळ आट्यावर बसवायची.

आता गणित, कारण घेण्याचा निर्णय यावरच ठरतो. मूळ लेन्स अनंतावर फोकस केलेली असली की मोठेपणा (१ पट म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते) म्हणजे मूळ लेन्सची फोकल लांबी भागिले क्लोज-अप काचेची फोकल लांबी. अधिक ८ म्हणजे १२५ मिमी, अधिक ४.८ म्हणजे सुमारे २०८ मिमी. झूम २५० वर असेल तर पहिलीने २ पट, दुसरीने १.२ पट. झूम १०० वर आणला तर अनुक्रमे ०.८ आणि ०.४८ पट. त्याखाली गेलात की काचेची कडा दिसायला लागून कोपरे काळवंडतात, तेव्हा १०० ते २५० हाच कामाचा पट्टा धरा.

हेच कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरवर मांडून बघा, तो २२.३ मिमी रुंद आहे. २५० काच लावली की फ्रेमची रुंदी २८ मिमीपासून ११ मिमीपर्यंत. १५० लावली की साधारण ४६ मिमीपासून साडेअठरा मिमीपर्यंत. आणि काहीच न लावता ५५-२५० जवळात जवळ नेली, तर ०.२९ पटीला फ्रेम सुमारे ७७ मिमी. आता डोळ्यांसमोर येऊर आणा. ओढ्याकाठच्या दगडावर बसलेली टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, तीन-चार सेंटीमीटर लांब. तेरड्याचे फूल तीन सेंटीमीटर. कारवीचे तेवढेच किंवा थोडे मोठे. पंख मिटून टाकळ्यावर बसलेले ग्रास यलो फुलपाखरू दोन-अडीच सेंटीमीटर. २५० काचेत यातले काही पूर्ण मावत नाही, किंवा कसेबसे कडेला टेकते. १५० मध्ये सगळे व्यवस्थित बसते आणि भोवती श्वास घ्यायला जागाही उरते. बाकी कळलावीचे तळहाताएवढे फूल, नाहीतर पंख पसरून बारा-पंधरा सेंटीमीटर होणारे ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपले राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत, यांना दोन्ही काचा नकोत. काढून खिशात ठेवा आणि नुसत्या लेन्सने घ्या. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठी जायचे असेल तर हाच नियम. तिथे बहुतेक वेळ नुसती लेन्स, मध्येच १५०, आणि २५० ला घरी आराम.

मग २५० कशासाठी? येऊरच्या पायवाटेवर श्रावणापासून दिवाळीपर्यंत दोन झाडांमध्ये ताणलेले, उन्हात सोनेरी चमकणारे जाळे सगळ्यांनी पाहिलेले असते, चेहऱ्यावर घेतलेलेही असते. मधोमध बसलेली तळहात व्यापणारी काळी-पिवळी जायंट वुड स्पायडर ही मादी. बहुतेक जण तिचा फोटो काढून पुढे जातात. त्याच जाळ्यात, तिच्या पाठीच्या बाजूला किंवा वरच्या कडेला नीट बघितले तर तांबूस रंगाचा, पाच-सहा मिलिमीटरचा एक क्षुल्लक कोळी दिसतो. तो नर. मादीसाठी काच नको, नरासाठी २५० हवी आणि तीही पूर्ण झूमवर. तेव्हा तो अर्धी फ्रेम भरतो. हुमले, म्हणजे झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या, कामकरी आठ-दहा मिलिमीटरच्या. दोन पटीला एक मुंगी फ्रेमभर होते. पानाच्या कडा जवळ ओढून धरणाऱ्या कामकरणींच्या पायांची साखळी आणि पानाच्या फटीत तोंडात पांढरी अळी धरून तिच्या रेशमाने शिवण घालणारी मुंगी, हे २५० नेच टिपता येते. उडी कोळ्यांचे पुढचे दोन मोठे डोळे, तुडतुडे, डहाळीला चिकटलेले काटेरी ट्री हॉपर, पहिल्या पावसानंतर जमिनीवर मखमली ठिपक्यासारखा फिरणारा मृगाचा किडा, हे सगळे हिचेच गिऱ्हाईक. कातळसड्यावरची सीतेची आसवे किंवा गेंद यांसारखी मिलिमीटरांत मोजायची फुले असतील तर फुलांनाही हीच.

पण हिची किंमत अंतरात मोजावी लागते. २५० काचेला किडा समोरून सुमारे बारा सेंटीमीटरवर लागतो, १५० ला सुमारे एकवीस. बारा सेंटीमीटरवर टाचणी थांबत नाही, आणि हुमले थांबतात ते थेट अडॅप्टरवर चढायला. त्यांच्या घरट्यापाशी २५० घेऊन उभे राहायचे तर बाह्या मनगटापर्यंत आणि घरट्याच्या फांदीला हात न लावता. फांदी हलली की घरट्यातून बाहेर येणाऱ्या मुंग्या चावतात आणि चावल्या जागी फॉर्मिक आम्ल टाकतात. ती आग दहा मिनिटे कॅमेरा धरू देत नाही.

फोकसची गोष्ट नवख्यांना सगळ्यात आधी छळते. काच लावली की ऑटोफोकस पुढे-मागे भुणभुण करतो आणि काही लागत नाही. बिघाड काही नसतो. २५० काच लावल्यावर मूळ लेन्स अनंतापासून जवळच्या टोकापर्यंत पूर्ण फिरली तरी स्पष्टतेचा पट्टा बारा-साडेबारा सेंटीमीटरपासून साडेदहापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो. १५० ला हाच पट्टा सुमारे एकवीसपासून सोळापर्यंत, म्हणजे पाच सेंटीमीटर. किडा त्या पट्ट्याबाहेर असला की ऑटोफोकसने कितीही डोके फोडले तरी उपयोग नाही. म्हणून काच लावण्याआधी समोरच्या टेकडीच्या कड्यावर फोकस करा, कळ एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाका, मग काच चढवा आणि फोकस स्वतःच्या धडाने करा: पुढे, मागे, मिलिमीटरभर. ५५-२५० एसटीएमसारख्या लेन्समध्ये फोकस रिंग विजेवर चालते. कॅमेरा झोपला असेल तर ती नुसती गरगर फिरते, तेव्हा शटर अर्धे दाबून त्याला जागे करून मगच हात लावा.

हलणे थांबवायचे तर डावा हात लेन्सखाली धरायचा नाही. ज्या काडीवर किडा बसला आहे ती काडी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हलकेच धरा आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर लेन्सचे तोंड टेकवा. आता वाऱ्याने काडी हलली तर लेन्सही तिच्याबरोबर हलते, दोघांमधले अंतर तेच राहते. ही एकच सवय अर्धे खराब फोटो वाचवते. गवताच्या पात्यावर, तेरड्याच्या देठावर, वाळक्या काटकीवर हे जमते. फुलपाखराबाबत जमत नाही, आणि घाणेरीच्या काट्यांत करून बघू नये. नंतर श्वास सोडता सोडता एका दमात तीन-चार फ्रेम झाडायच्या आणि मधे धड किंचित पुढे झुकवायचे. त्यातल्या एकीत डोळा सापडतो. पंख मिटलेले फुलपाखरू किंवा टाचणी असेल तर सेन्सरची पातळी पंखांना समांतर ठेवा. ते चुकले तर लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) कितीही लहान करा, एक टोक धूसर राहणारच.

छिद्राबद्दल (एफ/ नंतरचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एक गोष्ट बहुतेक जण मॅक्रो लेन्सवाल्यांचे ऐकून चुकतात. ‘एफ/११ च्या पुढे जाऊ नको, डायफ्रॅक्शनने फोटो मऊ पडतो,’ हा सल्ला खऱ्या मॅक्रो लेन्सला लागू आहे (डायफ्रॅक्शन म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे). तिथे १ पटीला जाताना लेन्स सेन्सरपासून लांब सरकते, त्यामुळे लिहिलेले एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखे वागते आणि दोन स्टॉप प्रकाशही जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). क्लोज-अप काचेत मूळ लेन्स अनंतावरच असते, म्हणून एफ/११ हे एफ/११ च राहते. प्रकाश जात नाही, डायफ्रॅक्शनही तितके लवकर येत नाही. पण या फुकटच्या लाभाची दुसरी बाजू अशी की त्याच आकड्यावर स्पष्टतेची खोलीही कमी मिळते. एपीएस-सीवर १ पटीला, एफ/११ वर ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. २ पटीला मिलिमीटरचा जेमतेम नववा-दहावा भाग. तेव्हा रेनॉक्स लावल्यावर एफ/११ वर अडून बसू नका. एफ/१६ हे घरचे छिद्र समजा. १ पटीला त्याने खोली सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास जाते. गरज पडली तर एफ/२२ ही चालते. मॅक्रो लेन्सवाला मित्र हसला तर हसू द्या, तो स्वतः न कळत तेच वापरतो आहे.

एफ/१६ म्हटले की फ्लॅश आला, आणि इथे दोन काचांतला फरक उलटा होतो. येऊरच्या झाडोऱ्यात पावसाळी सकाळी उजेड इतका थोडा की फ्लॅशशिवाय आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) गगनाला भिडतो. हॉट-शूवरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसणारा, साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो, पण उघडा नको. उघड्या फ्लॅशने भुंगेऱ्याच्या पाठीवर एक पांढरा जळका ठिपका पडतो आणि खाली काळीकुट्ट सावली. डिफ्युझर विकत घेण्याची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी दुधाळ प्लास्टिकची फाइल उघडून तिचा ए४ एवढा तुकडा घ्या. रुंदीच्या मधोमध, मागच्या कडेजवळ लेन्सच्या घेराएवढी अर्धगोल खाच कापा. तुकडा कमानीसारखा वाकवून वेल्क्रोच्या पट्टीने लेन्सच्या नळीवर बांधा, असा की त्याची पुढची कडा काचेच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे जाऊन किड्याच्या डोक्यावर छपरासारखी येईल. फ्लॅशचे तोंड त्या कमानीकडे झुकवा. फ्लॅश आणि प्लास्टिक यांच्यामध्ये टीव्हीच्या खोक्यातून येणाऱ्या पातळ पांढऱ्या फोमचा एक थर टाकला की मधला जळका डाग पसरतो. बटर पेपर वापरू नका, येऊरच्या दमट हवेत तासाभरात तो पापडासारखा वाकतो आणि भिजला की फाटतो. फोमला पाणी लागत नाही. कॅमेऱ्यातला छोटा उघडणारा फ्लॅश असेल तर त्याच्यासमोरही हीच कमान हवी, नाहीतर लांब लेन्सची सावली थेट किड्यावर पडते.

सुरुवातीचे आकडे: मॅन्युअल मोड, शटर १/२००, एफ/१६, आयएसओ २००, २५० काचेला फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/८. १५० काचेला हेच छप्पर किड्यापासून जवळजवळ दुप्पट दूर जाते. मग दोन गोष्टी होतात. एक, त्याच उजेडासाठी सुमारे तिप्पट ताकद लागते, म्हणजे १/१६ च्या जागी १/८ आणि १/४ च्या मधले काहीतरी; त्यामुळे फ्लॅश उशिरा भरतो आणि बॅटऱ्या लवकर संपतात. दुसरी जास्त महत्त्वाची: दूर गेलेले छप्पर किड्याच्या नजरेत लहान होते, आणि लहान झालेला उजेड कडक होतो. चकचकीत पाठीचे ढालकिडे आणि भुंगेरे यांचा मऊ उजेड २५० नेच मिळतो. १५० वापरायची असेल तर कमान पाच-सहा सेंटीमीटरने लांब करा. त्यासाठी फाइलचा दुसरा तुकडा टाचून घेतला की काम भागते.

फ्लॅशच्या फोटोंत मागचे जंगल काळे का येते, हा नेहमीचा प्रश्न. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. किडा बारा सेंटीमीटरवर, मागची झाडे दोन मीटरवर, तिथवर काही पोहोचतच नाही. उडी कोळ्याला काळी पार्श्वभूमी शोभते. टाचणीला नाही, ती रात्रीची वाटते. उपाय दोन: आयएसओ ८०० आणि शटर १/१०० करून जंगलाचा स्वतःचा उजेड थोडा आत येऊ द्या, किंवा किड्यामागे वीतभर अंतरावर हिरवे पान येईल असा कोन शोधा. पान तोडून आणून मागे धरायचे नाही. पडलेले चालेल.

फुलांसाठी फ्लॅश बंद. ढगाळ सकाळचा पसरलेला उजेड फुलांना जितका मानवतो तितका कुठलाही डिफ्युझर देत नाही, आणि इथे १५० खऱ्या अर्थाने शोभते. एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ ४०० ते ८००, देठ बोटांत धरून. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी त्रास देत असेल तर पुढच्या ४९ मिमी आट्यावर गोल पोलरायझर बसतो. दीडेक स्टॉप उजेड खातो, पण हिरवा रंग परत आणतो. रंगांची काळजी प्रत्येक फुलाला वेगळी. कळलावीच्या पाकळ्यांचा लाल आणि कवल्याचा पिवळा कॅमेऱ्याला झेपत नाही. साधा हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि पाकळ्यांवरच्या शिरा मात्र पुसल्या जातात. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पडदा लावा आणि लालची उजवी भिंत सुटेपर्यंत दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. पेव आणि रानातल्या मुसळीची पांढरी फुले काळ्या मातीसमोर हमखास जळतात, तिथेही तेच. कारवीचा जांभळा ऑटो व्हाइट बॅलन्सवर निळा होतो; ढगाळ किंवा सावली या सेटिंगवर ठेवा आणि रॉमध्ये (प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. कारवी तशी आठ वर्षांनी फुलते, येऊरला २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली, त्यामुळे तो प्रयोग आता २०३२ पर्यंत चुकार झाडांवरच करावा लागेल. तेरडा मात्र दरवर्षी ढिगाने, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस हे फोटोतही खरे: पहिल्या दिवशीच्या फुलाच्या कडा कोऱ्या असतात, तिसऱ्या दिवशी पाकळी कागदासारखी चुरगळते आणि १५० ती प्रत्येक चुणी दाखवते. उमललेले नवे फूल निवडा, बाकी फ्रेमबाहेर.

या किमतीत दुसरे काय मिळते, तर एक्स्टेन्शन ट्यूब. १२, २० आणि ३६ मिमीचा संच ५० मिमीच्या लेन्समागे १.३६ पट देतो, पण ५५-२५० च्या पूर्ण झूममागे अख्खा संच लावूनही भर फक्त ०.२७ पटीची. टेलिला ट्यूब आणि छोट्या लेन्सला क्लोज-अप, ही जोडी नेहमी उलटी पडते. उलटी बसवलेली ५० मिमी स्वस्त आणि धारदार, पण तिचे मागचे तोंड पावसाकडे उघडे राहते आणि छिद्र हाताने फिरवावे लागते. येऊरच्या जुलैत नको. खरी मॅक्रो लेन्स अर्थातच सरस, पण तिच्या किमतीच्या पाव हिश्श्याहून कमीत ही काच येते. दोन्ही रेनॉक्स एकावर एक चढवून अधिक १२.८ करण्याचे खूळही काही जणांना असते, ३.२ पटीला स्पष्टतेची खोली केसाहून कमी आणि हातात धरून शून्य उपयोग. घरी टेबलावर मेलेल्या माशीवर करा.

येऊरची हवा या काचांची खरी परीक्षा घेते. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेली काच दोन मिनिटांत धुकट होते, आणि पुसली तर पुन्हा होते, कारण ती अजून थंड असते. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. मच्छर येऊरला भरपूर, पण डीट असलेले मलम हाताला लावून अडॅप्टर किंवा कॅमेऱ्याचा रबर धरू नका, ते प्लास्टिक विरघळवते आणि चिकट करते. लांब बाह्या आणि मानेला रुमाल हा जास्त सुरक्षित मार्ग. परत आल्यावर काच सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. कपाटात कातडी पाकिटात ठेवलेली काच दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, आणि बुरशी लेपावर कोरली गेली की कोणी काढू शकत नाही.

जागेचे म्हणाल तर येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचेच ठाण्याकडचे अंग आहे, बाग नव्हे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद, आखलेली वाट, अंधाराआधी बाहेर. बिबट्यांचे घर आहे हे पाटी वाचून कळले पाहिजे असे नाही. पावसाळ्यात धबधब्याच्या वाटांवर बंदीचे आदेश निघतात, ते पाळा. आणि खरे सांगायचे तर मॅक्रोवाल्याला आत जाण्याची गरजही नसते. रस्त्याकडेच्या टाकळ्याचे, दिंड्याच्या फुलोऱ्याचे आणि पाड्यांकडे जाणाऱ्या वाटांच्या कुंपणाचे शंभर मीटर नीट बघितले तर सकाळ संपते. दिंड्याच्या एका झुबक्यावर मुंग्या, गांधीलमाश्या, भुंगेरे आणि त्यांना टपलेला फुलकोळी असा अख्खा बाजार भरलेला असतो. पाड्यातल्या माणसांच्या परसात शिरण्याआधी विचारायचे, एवढे तरी कळायला हवे. किडा फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढणे, घरटे उकलणे, चांगल्या कोनासाठी आजूबाजूचे गवत उपटणे, यातले काही करणाऱ्याला कुठलीच काच विकू नये.

तक्रारीची जागा एकच, पण खरी: तो चिमट्याचा अडॅप्टर. दोन बाजूंच्या कळा दाबून लावायचा-काढायचा, त्यामुळे बदल चटकन होतो हे सुख. पण स्प्रिंगवर धरलेला असल्याने फांदी लागली, बॅगेचा पट्टा अडकला की निसटतो, आणि खाली कातळ असतो. तिरका बसला तर फोटोची एक बाजू मऊ येते आणि दोष काचेला दिला जातो. ५८ चे ४३ करणारी साधी धातूची रिंग घ्या आणि काच घट्ट आट्यावर बसवा. चढवायला वीस सेकंद लागतात, पडत नाही, वाकडी बसत नाही. घट्ट रुतली तर रबर बँड गुंडाळून फिरवा, पकड मिळते. दोन्ही काचा असतील तर दोघींसाठी दोन रिंगा, म्हणजे पावसात आटे जुळवत बसावे लागत नाही.

जुनी घेत असाल, आणि या काचा जुन्या बऱ्याच विकायला येतात, तर दुकानाच्या उजेडात नुसते आरपार बघून समाधान मानू नका. मोबाईलची बॅटरी काचेच्या मागून तिरकी मारा. बुरशी कोळिष्टकासारख्या बारीक फांद्यांनी दिसते, धूळ ठिपक्यांनी. धूळ चालेल, फांद्या नकोत. अडॅप्टरच्या दोन्ही कळा दाबून सोडा. एक जरी उशिरा परतली तर किंमत रिंगेच्या पैशांइतकी तरी कमी करून मागा. मागचा ४३ मिमीचा आटा बोटाने फिरवून बघा, एकदा चुकीच्या कोनात चढवलेला आटा पुन्हा कधी नीट बसत नाही. आणि काचेवर १५० लिहिले आहे की २५० ते स्वतः वाचा. दोन्ही बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की विकणाऱ्याचाही घोटाळा होतो.